उंटांचा काफिला, बैलांचा तांडा आणि खामगावची रेल्वे

व्यापाराच्या पानावर वाळवंटातील लोकांचे काय काम, असे काही वाचक विचारतील. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या बुलडाणा जिल्ह्याला आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाशी काय देणेघेणे? आमच्या मते देणेघेणे आहे, आणि ते थेट धंद्याचे आहे. ज्यांची सारी हयात दुसऱ्यांचा माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेण्यात गेली, त्यांचे रस्ता बदलल्यावर काय होते, हा तो प्रश्न. सहारात उंट चालवणाऱ्या तुआरेग लोकांवर ही वेळ विसाव्या शतकात आली. आपल्या वऱ्हाडात बैल चालवणाऱ्या बंजारा समाजावर ती त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात येऊन गेली. आज आपल्याच भागात पुन्हा रस्ते बदलत आहेत. तेव्हा दोन्ही हकिगती शेजारी ठेवून पाहणे फायद्याचे ठरेल.

मिठाचा रस्ता

तुआरेग हे मुस्लिम लोक. माली, नायजर, अल्जीरिया आणि लिबिया या आजच्या देशांत त्यांची वस्ती पसरलेली आहे. त्यांच्यात पुरुष निळ्या फेट्याने तोंड झाकतात आणि स्त्रिया मात्र उघड्या तोंडाने वावरतात. लग्नात तंबू वधूच्या घरून येतो आणि तो तिच्याच मालकीचा राहतो. शेकडो वर्षे त्यांची रोजी उंटावर आणि मिठावर चालली. वाळवंटाच्या पोटातून निघालेल्या मिठाच्या लाद्या उंटांवर घालून दक्षिणेच्या बाजारात न्यायच्या आणि परतताना ज्वारी-बाजरी आणायची, हा त्यांचा धंदा. प्रसिद्ध प्रवासी इब्ने बतूता १३५२ मध्ये या वाटेने गेला. तघाझा नावाच्या खाणीच्या गावात घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची आणि छपरे उंटाच्या कातड्याची होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे मालीत ताउदेनी ते तिंबक्तू आणि नायजरमध्ये बिल्मा ते अगादेझ या दोन वाटा मोठ्या झाल्या. १९०६ मध्ये बिल्माच्या वाटेवर एकाच काफिल्यात सुमारे २०,००० उंट होते. यावरून या धंद्याचा आवाका ध्यानात यावा.

या समाजात सगळे सारखे होते असे मात्र कोणी समजू नये. वर उंटांचे मालक सरदार, त्यांच्याखाली त्यांची मांडलिक कुळे, दीन शिकवणारी घराणी, मग लोहार-कारागीर आणि सर्वांत खाली गुलाम, अशी ती उतरंड होती. काफिल्याचा मान सरदाराला मिळे. गुरे राखणे, पाणी उपसणे, खजुराच्या बागा कसणे ही कामे खालच्यांच्या वाट्याला येत. ज्या दीनने गोऱ्या-काळ्याचा भेद मोडला, त्या दीनच्या अनुयायांत हे चालत राहिले, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आपला तांडा

आता आपल्याकडे वळू. गाडीरस्ते नव्हते त्या काळी हिंदुस्थानातील धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर हिंडत असे आणि ते हिंडवणारे लोक म्हणजे बंजारा. मिठाला लवण म्हणतात; त्यावरूनच यांना लमाण हे नाव पडले असे मानतात. नायकाच्या हुकुमाखाली हजारो बैल, त्यांच्याबरोबर बायका-मुले, कुत्री आणि संसार असा तांडा चाले. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये एकाच तांड्यात धान्याने लादलेले १४,००० बैल पाहिल्याची नोंद केली आहे. दख्खनवर चालून आलेल्या मोगल फौजांना रसद पोहोचवली ती बंजाऱ्यांनीच. १८०३ मध्ये आपल्या संग्रामपूरच्या शेजारी, आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे इंग्रजांची नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांशी लढाई झाली. त्या मोहिमेतही इंग्रजांच्या फौजेचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरूनच आले होते. हे सगळेच लोक हिंदू होते असेही नाही. उत्तर हिंदुस्थानातील जुन्या नोंदींत तुर्किया आणि मुकेरी या मुस्लिम बंजाऱ्यांची नावे आढळतात.

बंजारा म्हणजे नुसता हमाल नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. पैसेवाला नायक स्वतःच्या भांडवलावर धान्य आणि मीठ घेई व भाव पाहून विकी. बाकीचे सावकाराच्या उचलीवर माल नेत. परंतु दोघांचेही दुकान रस्त्यावर होते. ना बाजारात गाळा, ना गोदाम, ना कायमचा पत्ता.

वऱ्हाडचा कापूस त्या काळी बैलांवरून सुमारे पाचशे मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. मुंबईची वाट प्रथम उघडली ती विकाजी आणि पेस्तनजी या पारशी बंधूंनी. १८२५-२६ मध्ये त्यांनी वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला पाठवला. पाचशे बैलांचा माल, वजन १,२०,००० पौंड. आजच्या हिशेबाने हे सुमारे ५४ टन होतात, म्हणजे वजनाने पाहिले तर तीन-चार ट्रकांचा माल. त्यासाठी पाचशे बैल आणि त्यांना चारणारी कित्येक कुटुंबे घाट उतरून समुद्रापर्यंत चालली.

खामगावची रेल्वे

खामगावचा बाजार १८२० च्या सुमारास तूप, सूत आणि थोडा कापूस अशा मालावर सुरू झाला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब-खामगाव या शाखेचे उद्घाटन झाले. लोहमार्ग अवघा आठ मैलांचा. पण या आठ मैलांनी जिल्ह्याच्या व्यापाराचा नकाशा बदलला.

जो माल नेण्यास तांड्याला महिने लागत, तो आता दिवसांत मुंबई बंदरावर पोहोचू लागला. पावसाळ्यात चिखल नाही, चाऱ्याची चिंता नाही, बैल दगावण्याची भीती नाही. खामगावला सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने निघाले, दलाल आले, परदेशी कंपन्यांचे खरेदीदार आले, व्यापाऱ्यांच्या पेढ्या उघडल्या. बाजार वाढला, व्यापार कितीतरी पटींनी वाढला. मात्र ज्यांनी हा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर वाहिला होता, त्यांना त्या वाढीत जागा उरली नाही.

मिठाचेही तसेच झाले. इंग्रजांनी मिठावरील करासाठी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत काटेरी कुंपणाची आणि चौक्यांची जकात-रेषा उभारली होती. लमाणाचा जुना धंदा त्या रेषेवर चोरटा ठरे. १८७९ मध्ये ती रेषा उठली, पण तोपर्यंत मीठ रेल्वेच्या डब्यात चढले होते.

वाटेवरचा दुसरा आधार म्हणजे चारा. १८७८ च्या वनकायद्याने आणि त्यामागोमाग वऱ्हाडात राखल्या गेलेल्या जंगलांनी तोही आखडला. बंजारा कुटुंबे घाटावरच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांत तांडे करून स्थिरावली. गुरे पाळणे, बैलांची खरेदी-विक्री, हलक्या जमिनीची शेती आणि मोलमजुरी, यांत त्यांनी पोट भागवले. तांडा हा शब्द राहिला, पण त्याचा अर्थ उलटला. पूर्वी चालणाऱ्या लोकांना तांडा म्हणत. आता बसलेल्या वस्तीला म्हणतात.

धंदा कसा गेला, हे सांगताना एका समाजाकडेच बोट दाखवणे योग्य नाही. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी जिल्ह्यात नावाजलेले होते. विलायती कापड आले आणि त्यांचे मागही असेच थंडावले. मागवाल्याचे घर मात्र गावात होते. त्याची ओळख गावाला होती. तांड्याला तेवढाही आधार नव्हता.

कायद्याची नजर

धंदा गेला की माणूस गरीब होतो. त्याच वेळी कायद्याची नजर फिरली, तर तो गुन्हेगारही ठरतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरस्त्या लोकांच्या जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या. पुढे ठिकठिकाणी बंजारा समाजही त्या यादीत आला. हजेरी, परवाना, गाव सोडण्यास बंदी, असा तो कारभार. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि हे लोक ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले.

आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे की महाराष्ट्राच्या विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या यादीत मुस्लिमांचीही नावे आहेत. छप्परबंद आहेत, अस्वल खेळवणारे दरवेशी आहेत, मदारी-गारुडी आहेत. वन्यप्राण्यांच्या कायद्याने अस्वल आणि साप गेले. बदल्यात सवलतीचा हक्क मिळाला. पण तो हक्क कागदावरच राहतो, कारण दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजोबा गावोगाव फिरत होता, त्याच्याजवळ शाळेचा दाखला कोठून यावा आणि सातबारा कोठून यावा? उंबरठाच नव्हता, तर घरपट्टीची पावती कशी असेल?

वाळवंटातील ट्रक

सहारात रेल्वे आली नाही, ट्रक आला. एका उंटावर मिठाच्या चार लाद्या, म्हणजे सुमारे दीड क्विंटल माल. शंभर उंटांचा माल एक ट्रक ओढतो आणि आठवड्यांची वाट दिवसांत तोडतो. त्यात १९६० मध्ये माली, नायजर स्वतंत्र झाले आणि जे वाळवंट तुआरेगांना एकच अंगण वाटे, त्यात देशांच्या सरहद्दी पडल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा १९८४-८५ मध्ये भीषण दुष्काळ पडले. गुरे आणि उंट हजारोंनी मेले. तरुण कामाच्या शोधात लिबिया-अल्जीरियाकडे गेले. बेकार या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्यांना ‘इशुमार’ हे नाव पडले. ज्यांच्या पूर्वजांनी काफिले चालवले, त्यांची ओळख आता ‘बेकार’ अशी झाली.

बेकारीतून बंडे झाली. १९९० मध्ये मालीत आणि नायजरमध्ये बंड पेटले. समेट झाल्यावर १९९६ मध्ये तिंबक्तूला सुमारे तीन हजार बंदुका एकत्र जाळल्या गेल्या. पण रोजीचा प्रश्न सुटला नव्हता. २०११ मध्ये लिबियाचे गद्दाफी पडले, तेथील तुआरेग शिपाई हत्यारांसह परतले आणि २०१२ मध्ये उत्तर माली पुन्हा पेटला. २०१५ चा करारही टिकला नाही. मालीच्या लष्करी सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तो संपल्याचे जाहीर केले.

नायजरमधील अगादेझची गोष्ट तर व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. तेथील तुआरेग आणि तुबू तरुणांनी उंटाऐवजी पिकअप गाड्या घेतल्या आणि लिबियाकडे निघालेल्या मजुरांची ने-आण सुरू केली. वाळवंटाची माहिती बापजाद्यांची, गाडी नवी. धंदा उघडपणे चाले. युरोपला ही माणसे नको होती. २०१५ मध्ये नायजरने कायदा केला आणि २०१६ पासून अंमल सुरू होताच चालक तुरुंगात गेले, गाड्या जप्त झाल्या. कालची रोजी आज गुन्हा झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील लष्करी सरकारने तो कायदा मागे घेतला. १८७१ आणि २०१५, दोन खंड आणि दोन काळ, पण वाहतूकदाराच्या वाट्याला आलेला अनुभव तोच.

अरबस्तानातही काही वेगळे घडले नाही. हाजींच्या काफिल्यांना उंट पुरवून आणि वाटेत संरक्षण देऊन बदावी टोळ्या जगत. १९०८ मध्ये दमास्कसहून निघालेली हिजाझ रेल्वे मदीनेपर्यंत आली, तेव्हा त्यांनी तिला कडवा विरोध केला, तो याच पोटाच्या कारणासाठी.

तथापि एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. काफिला मोडल्याचे दुःख सरदाराला झाले. त्याच्या गुलामाला तेवढे झाले नसावे. दुष्काळाने मालकाचे कळपच संपले, तेव्हा अनेक गुलाम आणि मांडलिक कुळे शहरात, शेतीत, शाळेत गेली. २००३ मध्ये नायजरने गुलामगिरीला फौजदारी गुन्हा ठरवले. जुने सारे चांगले होते, असा सूर आम्ही लावणार नाही. बंजारा समाजातही शिक्षणाने बदल घडला. पुसद तालुक्यातील गहुलीच्या तांड्यात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक शिकून वकील झाले आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. मात्र त्याच समाजातील असंख्य कुटुंबे आजही मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर. सावकाराच्या उचलीवर चालणारा तांडा आणि मुकादमाच्या उचलीवर जाणारी टोळी यांत अंतर किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एकाच कच्छमधील दोन वाटा

आपल्याच देशातील वाळवंटाचे एक उदाहरण घेऊ. कच्छमधून विदर्भात दोन तऱ्हेचे लोक आले. मेमन व्यापारी आले. त्यांनी रेल्वेकाठच्या शहरांत दुकान घेतले, पेढी घातली, मशिदी-मदरशांना हातभार लावला. त्यांची पुढची पिढी तेथीलच झाली. रबारी मेंढपाळ आले. ते मेंढ्या आणि उंट घेऊन चाऱ्यामागे फिरत राहिले. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात अशाच रबारी लोकांचे ५८ उंट पोलिसांनी अडवले. उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे चालले आहेत, अशी तक्रार होती. आम्ही पिढीजात गुराखी आहोत, असे उंटवाले सांगत होते. उंट गोरक्षण संस्थेत गेले, माणसे न्यायालयात गेली, आणि पुढे न्यायालयाने उंट मालकांना परत देण्याचा आदेश दिला. पण तोवर जो खर्च आणि जी मानहानी व्हायची ती होऊन गेली. मेमनाजवळ दुकानाचा परवाना होता. रबाऱ्याजवळ फक्त उंट होता.

या उंटवाल्यांनी दुसरी वाटही दाखवली आहे. देशात २०१२ मध्ये सुमारे चार लाख उंट होते. २०१९ च्या पशुगणनेत ते अडीच लाखांवर आले. ओझ्यासाठी उंटाला कोणी विचारत नाही. तेव्हा कच्छच्या रबारी आणि फकीरानी जत उंटपालकांनी २०११ मध्ये आपली संघटना बांधली. जत हे मुस्लिम, रबारी हे हिंदू. कळप राखण्यात दोघांची जुनी भागीदारी. उंटिणीच्या दुधाला २०१६ मध्ये अन्नसुरक्षा खात्याचे निकष मिळाले आणि २०१९ मध्ये अमूलने ते बाटलीतून बाजारात आणले. उंट तोच आणि मालकही तोच, पण आता वाहतुकीऐवजी दूध विकले जाते आणि ते संघटित होऊन विकले जाते. सगळ्यांचे भले झाले असे नाही. पण कळप विकून मजुरीला जाणाऱ्याला थांबण्यास एक कारण मिळाले.

आपल्यासाठी बोध

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. तो आपल्या मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो. जुन्या रस्त्यावरचे ढाबे, पंक्चरची दुकाने, गॅरेज, एक-दोन ट्रकांचे मालक यांत आपले कितीतरी बांधव आहेत. गाडी आता त्यांच्या दारावरून न जाता दुरून वेगाने निघून जाते. २०१८ पासून ई-वे बिल आले, २०२१ पासून फास्टॅगची सक्ती झाली. कागद नसलेला वाहतूकदार दर नाक्यावर अडतो आणि कागद असलेला पुढे जातो. हे चांगले की वाईट, यावर वाद घालता येईल. पण १८७० मध्ये रेल्वेशी वाद घालून काही साधले नव्हते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. पाय रस्त्यावर असू द्यावेत, पण एक खुंटी बाजारात ठोकावी. ज्याच्याजवळ दोन ट्रक आहेत, त्याने तिसरा ट्रक कर्जाने घेण्याआधी मालाच्या व्यवहारात, गोदामात किंवा दलालीच्या परवान्यात वाटा घेता येतो का ते पाहावे. चार-सहा जणांनी मिळून नोंदणीकृत संस्था करावी. एकट्याला न मिळणारे भाडे संस्थेला मिळते. ज्यांची जात विमुक्त-भटक्यांच्या यादीत आहे, त्यांनी १९६१ पूर्वीचा पुरावा आजच शोधावा. वडील-आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुनी घरपट्टी, काहीही चालू शकते. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी धावाधाव करून ते मिळत नाही. या समाजांसाठी वसंतराव नाईक यांच्या नावाचे महामंडळ १९८४ पासून आहे, तेथील कर्जाची चौकशी करावी. आणि मशिदीच्या कमिटीने वा जमातीने आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज भरून देण्यास ठेवली, तर ती खैरातीपेक्षा मोठी मदत ठरेल.

व्यापार आपल्याला परका नाही. कुरैशचे हिवाळी आणि उन्हाळी प्रवास कुरआनात आले आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला गेले. हजरत खदीजा आपला माल नफ्यातील वाट्यावर माणसांकडे सोपवीत, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात दोघांचा वाटा, यालाच आपण मुजारबत म्हणतो. त्यात माल नेणारा नुसता भाड्याचा धनी नसतो, नफ्याचाही असतो. तुआरेगांच्या उंटवाल्याला आणि वऱ्हाडच्या बैलवाल्याला ज्याची उणीव भासली, ती नेमकी हीच गोष्ट होती. रस्ते यापुढेही बदलत राहतील. मालात ज्याचा वाटा आहे, तो नव्या रस्त्यानेही चालेल.